चंदेरी रंगावरची रेघ

गाडीवरचा ओरखडा किती खोल आहे, हे डोळ्यांपेक्षा नखाला चांगले कळते. रेघेवरून नख आडवे फिरवावे. अडखळले नाही, तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे आणि पॉलिशने तो जातो. आमच्या गाडीच्या मागच्या दारावर माझे नख अडकले. रेघेच्या तळाशी उघडा पत्रा चमकत होता. बाजारात उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेले होते.

हे कुवेतला. गाडी विकून लेकीची नर्सिंगची फी भरायची, असे आमचे ठरलेले. गॅरेजवाला म्हणाला, "मेटॅलिक रंगात ठिगळ लपत नाही, अख्खे दार रंगवावे लागेल." विम्यातून करावे, तर नो क्लेम बोनस जाणार. पावसाळा तोंडावर आलेला, आणि कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत उघडा पत्रा म्हणजे गंजाला आमंत्रणच. फोनवर हे म्हणाले, "तूच कर. मेंदी काढताना तुझा हात हलत नाही, मग इथे का हलेल?"

आधी रंगाचा कोड शोधला. तो बहुधा दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. चंदेरी म्हणजे एकच रंग नव्हे, त्याच्या कितीतरी छटा असतात. कोडप्रमाणे टचअपची बाटली मागवली. प्रायमर आणि वरचा क्लिअर कोटही आणला.

सावलीत, कोरड्या दिवशी कामाला बसले. रेघ धुऊन वाळवली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने तिच्यावरचे तेलकट अंश पुसले. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून सुरू झालेला तांबूस गंज बारीक पॉलिश पेपरने काढला. मग उघड्या पत्र्यावर प्रायमरचा पातळ हात दिला. तो वाळल्यावर रंग, तोही एकदम नाही, पातळ पातळ थरांत. दर वेळी बाटली चांगली हलवायची, कारण चमक आणणारे अॅल्युमिनियमचे बारीक कण तळाशी बसतात. शेवटी क्लिअर कोट, आजूबाजूच्या रंगापेक्षा किंचित उंच. आठवडाभर हात लावला नाही. मग २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून तो उंचवटा हलकेच घासला आणि रबिंग कंपाउंडने चमक आणली. पेपर जपूनच फिरवावा लागतो, कारण कंपनीचे सगळे थर मिळूनही जाडी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीच असते.

समोरून पाहिले, तर रेघ दिसेना. बाजूने पाहिले की दिसे. कंपनीत रंग फवारतात तेव्हा ते कण सपाट पसरतात, ब्रशने लावले की वेडेवाकडे बसतात आणि प्रकाश वेगळा परततो. हाताने केलेल्या कामाची ही मर्यादाच आहे.

एजंटने सुचवले, "वॅक्स मारा आणि संध्याकाळी दाखवा. कुणाला कळणार नाही." फीची तारीख जवळ आली होती, त्यामुळे त्याचे म्हणणे कानात घोळत राहिले. सासरे मात्र एवढेच म्हणाले, "ऐब सांगून विकायचे, बेटा." धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा व्यापाऱ्याला दाखवणाऱ्या प्रेषितांचा (स.) प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. तो ऐकून वाढलेल्या माणसाला यापुढे काय समजवायचे?

गिऱ्हाईक आले, तेव्हा मी गाडी भर उन्हात उभी केली आणि रेघ स्वतःच दाखवली. पत्रा उघडा पडला होता, गंज काढून प्रायमर दिला आहे, हेही सांगितले. त्यांनी चार हजार कमी केले. फीला तेवढेच कमी पडले, ते माझ्या भिशीतून भरले.

टचअप खूण पुसण्यासाठी नसतो, पत्रा वाचवण्यासाठी असतो. तेवढे त्या रेघेने केले होते. चावीबरोबर उरलेली बाटली कोड लिहून त्यांना दिली आणि सांगितले, "दर पावसाळ्याआधी एकदा नख फिरवून बघत जा."