झीलकऱ्यांचं देणं

आमच्या भागात गाणं ऐकायचं म्हणजे मामांच्या टपरीवर जायचं. कळंबच्या बाजारात त्यांची पत्र्याची टपरी होती. चैत्र पौर्णिमेला ती येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत जायची आणि नवरात्रात तुळजापूरला. कुंकवाची, कवड्यांच्या माळांची, परड्यांची दुकानं संपली की एक ताडपत्री, खाली लाकडी मांडणी आणि तिच्यावर उभ्या लावलेल्या कॅसेटी. नात्यानं ते कुणाचेच मामा नव्हते, पण अख्खा तालुका त्यांना मामाच म्हणायचा. शाळा सुटली की मी तिथं. पैसे नसायचे आणि मामांनी ते कधी विचारलेही नाहीत. माझ्या कानांवर जे काही संस्कार झाले ते त्या ताडपत्रीखाली झाले. हे कुठंतरी लिहून ठेवायला हवं असं फार दिवस मनात होतं.

टेप अडकली की लोक मामांकडं यायचे. कॅसेटचे बारीक स्क्रू काढून ते झाकण उघडायचे, चुरगळलेला तुकडा ब्लेडनं तिरका कापून टाकायचे. मग दोन्ही टोकं काचेवर जुळवायची, पाठीमागून सेलोटेपची पट्टी लावायची, ती नखानं घासायची, कडेनं डोकावणारा भाग पुन्हा ब्लेडनं छाटायचा आणि चक्रीत पेन्सिल घालून सगळं गुंडाळायचं. कापलेल्या जागी गाण्यातला एखादा शब्द जायचा. मामा तिथं हमखास हळहळायचे. "दादांचा श्वास कापला बग मी," असं म्हणायचे. दादा म्हणजे प्रल्हाद शिंदे.

मामांची एक शिस्त होती. नवी कॅसेट हातात दिली की वेष्टनावरचं बारीक अक्षर मोठ्यानं वाचायला लावायचे. "गाणाऱ्याचा फोटूच असतोय वर. तू खालचं वाच." त्यामुळं पंढरीच्या वाटेवर चाललेल्या पावलांचं प्रल्हाद शिंद्यांचं गाणं आम्हाला तोंडपाठ होतंच, पण ते दत्ता पाटलांनी लिहिलं आणि मधुकर पाठकांनी चाल दिली हेही मला लहानपणीच ठाऊक होतं. कोरसवाल्यांची नावं मात्र त्या बारीक अक्षरातही नसायची. "हे कोण मागून म्हणतेत?" असं एकदा मी विचारलं. मामांनी आवाज कमी केला आणि म्हणाले, "झीलकरी. ह्यांच्याबिगर गाणं उभं राहत नाही." मग त्यांनी सांगितलं की प्रल्हाददादाही आधी कोरसातच होते. इस्माईल आझादांच्या कव्वाली पार्टीत ते मागं बसून साथ करायचे.

हे इस्माईल आझाद म्हणजे 1958 सालच्या 'अल हिलाल' चित्रपटातल्या कव्वालीनं देशभर पोहोचलेले कव्वाल. मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्यातला, गाणाऱ्या आईवडिलांचा हा मुलगा त्यांच्या मागं बसून टाळ्या देत होता, मुखडा झेलत होता. प्रल्हाद शिंद्यांचं कोणतंही भक्तिगीत आज नीट ऐकलं तर ती तालीम कळते. पहिल्या ओळीलाच वरच्या पट्टीत झेप घ्यायची, तिथं न डगमगता थांबायचं आणि शब्दाचं शेवटचं अक्षर असं सोडायचं की मागच्यांना ते अलगद उचलता यावं. विठ्ठलाच्या गाण्याला कव्वालीचा कणा देणारा हा माणूस मला फार मोठा कलावंत वाटतो. अभिजात गाण्याच्या चर्चेत त्यांचं नाव जितक्या आदरानं यायला हवं तितकं येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या गावात पहाटे विठ्ठलाच्या देवळावरचा कर्णा लागायचा, त्यात प्रल्हाद शिंदे. चौदा एप्रिलला भीमनगरात निळे झेंडे लागायचे, तिथल्या कर्ण्यावरही प्रल्हाद शिंदे, त्यांच्या जोडीला विठ्ठल उमप आणि वामनदादा कर्डकांचे शब्द. आमच्या जिल्ह्याला बाबासाहेबांची आठवण जवळची आहे. 1941 च्या फेब्रुवारीत ते कसबे तडवळ्याच्या परिषदेला आले होते, तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या आठवणीवर वाढलेल्या भीमनगरातला माझा वर्गमित्र आणि मी मामांकडून एकच कॅसेट आळीपाळीनं घरी न्यायचो. एका बाजूला देवाची गाणी, दुसऱ्या बाजूला मामांनी भरून दिलेली भीमगीतं. दोन्ही घरांत दोन्ही बाजू वाजायच्या. वाड्यांमधलं अंतर त्या कॅसेटनं मिटलं असं मी म्हणणार नाही, ते अजूनही पुरतं मिटलेलं नाही. पण त्याच्या आईनं मला चहा दिला आणि माझ्या आजीनं त्याला भाकरी वाढली, त्यामागं हा आवाज होता. वामनदादा 2004 च्या मे महिन्यात गेले आणि जूनमध्ये प्रल्हाददादा. त्या उन्हाळ्यात मामांनी टपरीवर दुसरं काही लावलं नाही.

वडिलांचं दैवत निराळं होतं. बार्शी आम्हाला जिल्ह्याच्या गावापेक्षा जवळची, व्यवहार सगळा तिकडंच. तिथला अमर शेख. 1916 साली जन्मलेला हा मेहबूब पटेल गिरणीत राबला, संपात उतरला, तुरुंगात गेला. पुढं अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यानं लाल बावटा कलापथक उभं केलं. वडिलांनी त्याला मैदानात ऐकलं होतं आणि तो विषय निघाला की ते उभे राहूनच बोलायचे. मामांकडं अमर शेखांची कॅसेट नव्हती. ज्या आवाजानं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं पेटवली, त्याची ध्वनिमुद्रणं इतकी विरळ असावीत हे मला आजही सलतं. 'प्रपंच' या 1961 सालच्या चित्रपटात ते कुंभाराच्या भूमिकेत दिसतात. तेरच्या गोरोबाकाकांच्या जिल्ह्यातल्या आम्हा लोकांना तो कुंभार आपलाच वाटतो.

आता आत्या. वडिलांची ही थोरली बहीण येडाईची आराधीण होती. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर कुंकू. चैत्री यात्रेत पालखी आमराईत आली, चुनखडी वेचून झाली की झाडाखाली त्यांचा मेळ बसायचा. आत्या पुढं म्हणायची, बाकीच्या बाया झील धरायच्या. संबळ, तुणतुणं, झांज. लहानपणी तिनं मला झीलकऱ्यांत बसवलं. मी घाईत ओळ उचलली की गाणं न थांबवता माझ्या मांडीवर हात ठेवायची. नंतर सांगायची, "मधीच काय तोडायलास लेकरा? माझा सूर खाली टेकू दे, मग तू उचल." प्रल्हाद शिंद्यांच्या त्या सोडलेल्या अक्षराचं मर्म मला इथं उमगलं. मामांनी ऐकायला शिकवलं, आत्यानं थांबायला. एरवी दोघांची ओळख देवीच्या यात्रेपुरतीच.

एका यात्रेत मामांनी आपला टू-इन-वन आमराईत आणला आणि कोरी कॅसेट घालून आत्याचा मेळ भरून घेतला. संबळवाल्या काकांनी आधी दोन्ही चामडी जाळाजवळ धरून शेकली, बोटानं टिचक्या मारून ऐकली, मग संबळ कमरेला बांधला. पहिल्यांदा भरलं तेव्हा कॅसेटवर नुसता संबळच. मामांनी काकांना हात धरून मागं नेलं, पार दुसऱ्या झाडापर्यंत. तुणतुणं जवळ घेतलं, झीलकरी बाया अर्धवर्तुळात बसवल्या आणि आत्याला म्हणाले, "अक्का, यंत्राकडं बगू नका, देवीकडं बगा." त्या भरलेल्या कॅसेटीत आत्या देवीला साद घालते, मागं कुणाचं तरी लेकरू रडतं, फुटाणेवाला ओरडतो आणि त्या सगळ्याच्या पल्याडून संबळ येतो. मुंबईच्या स्टुडिओत त्या काळी काय यंत्रं होती ते मी पुढं पाहिलं आहे. मामांनी एका माइकवर जे साधलं, त्याला तोड नव्हती.

2009 मध्ये 'जोगवा' आला. राजन गवसांच्या कादंबऱ्यांवर उभा असलेला चित्रपट, अजय-अतुल यांचं संगीत. संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही मिळाला. थिएटरात देवीच्या गाण्याचा ठेका घुमला तेव्हा शेजारची माणसं अंगात वारं आल्यासारखी डोलत होती. शहरातल्या पोरांनी या ठेक्याला मान दिला, हे अजय-अतुल यांचं मोठं काम आहे आणि मी त्यांचा ऋणी आहे. आत्याला मी ती गाणी ऐकवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "झील कोण धरलीय?" मला सांगता आलं नाही.

मामा गेले तेव्हा टपरी आधीच बंद झालेली होती. लोक मेमरी कार्डात गाणी भरून घेऊ लागले, मग तेही थांबलं. त्यांच्या मुलानं कॅसेटींचे खोके माझ्या स्वाधीन केले. बऱ्याच फिती बुरशीनं गेल्या आहेत. ज्या वाचल्या त्या मी जुन्या डेकवर लावून संगणकात उतरवतो आहे. चिकटवलेल्या जागा ऐकू येतात. त्या मी तशाच ठेवतो.

आमराईतल्या त्या कॅसेटीच्या खोक्यावर मामांनी फक्त 'येडाई' आणि साल लिहिलं होतं. आत्या आता थकली आहे, पण तिची आठवण लख्ख आहे. मागच्या दिवाळीत वही घेऊन तिच्यापुढं बसलो आणि कॅसेट लावली. एकेक झीलकरीण तिनं आवाजावरून ओळखली. कुणाचं सासर कुठलं, कुणी बारीक आवाजाची, कुणी दम टिकवणारी, कोण कधी गेली, सगळं सांगितलं. संबळवाले काका, तुणतुणं धरणारी तिची नणंद, झांज वाजवणारा पोरगा, सगळे वहीत आले. एक आवाज तेवढा राहिला आहे, जाडसर. आत्या म्हणते ती मोह्याची असावी किंवा ढोकीची. चैत्रात येरमाळ्याला दोन्ही गावच्या दिंड्या येतात, तिथं फोनवर ती फीत वाजवून विचारणार आहे.