थंड इंजिनाची भेट

जुनी गाडी विकणाऱ्याला फोनवर माझी एकच अट असते. मी पोचेपर्यंत गाडी सुरू करायची नाही. धुवा, पुसा, पॉलिश मारा, सीटवर अत्तर शिंपडा, पण किल्ली फिरवू नका. नागपूरचे गाडीवाले यावर हसतात. "पांढुर्ण्याहून यायला तुम्हाले दोन तास लागन भाऊ, तोवर गाडीले हातच लावाचा नाही का?" नाहीच लावायचा. पोचल्यावर मी आधी बॉनेटवर तळहात ठेवतो. कोमट लागलं की ओळखायचं, कुठला तरी आवाज आपल्या कानापासून लपवलाय. मग चहा सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत यायचं.

रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली उतरलेलं असतं. किल्ली फिरवल्यावर टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत तेलाचा दाब पोचायला क्षणभर लागतो. चेन सैल झाली असेल, टेन्शनर थकला असेल, तर तेवढ्या वेळात डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट होतो आणि थांबतो. जर्मन टर्बो इंजिनांच्या काही पिढ्यांना हे दुखणं जगभर होतं. ऑडी-फोक्सवॅगनच्या जुन्या १.८ आणि २.० लिटरच्या इंजिनांत टेन्शनर दगा द्यायचा, बीएमडब्ल्यूच्या एका २.० लिटर इंजिनात चेनच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजायच्या. गरम इंजिनात हा आवाज सहसा निघतच नाही. म्हणून ती अट.

आमची पांढुर्णा-सौसर ही पट्टी मध्य प्रदेशात, बोली मराठी, आणि दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, धाव नागपूरकडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघून आमचा वेगळा जिल्हा झाला. पैसा इथे संत्र्याचा आणि कापसाचा. बागेने साथ दिली की पूर्वी ट्रॅक्टर यायचा, मग बोलेरो. आता पुण्याला शिकून आलेली पोरं फोनवर फोटो दाखवतात: पोलो जीटी, पोलो जीटीआय, बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज, आणि एखाद्याच्या डोक्यात थेट ऑडी टीटी. नवी घ्यायची तर बाग विकावी लागेल. जुनी मात्र अर्ध्याहून कमी किमतीत मिळते आणि खरी फसगत तिथेच असते. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. साठ लाखांच्या गाडीचा टर्बो ती गाडी अठरा लाखांना विकली गेली म्हणून स्वस्त होत नाही.

टर्बो म्हणजे एका दांडीच्या दोन टोकांना दोन पंखे. एक तापलेल्या धुराच्या जोरावर फिरतो, दुसरा त्याच फिरण्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. रस्त्यावरच्या गाड्यांत तिला मिरवलं ते जर्मनांनी: १९७३ मध्ये बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली, नेमकी तेलटंचाईच्या तोंडावर, आणि पाठोपाठ पोर्शची ९११ टर्बो. ती दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते, लहान टर्बोत दोन लाखांपर्यंत. पेट्रोल गाडीत धुराचं तापमान ९०० अंशांच्या पुढे जातं. एवढ्या आगीत ती दांडी तरंगते ती तेलाच्या पातळ थरावर.

त्यामुळे टर्बो गाडीत मी आधीच्या मालकाची सवय शोधतो. सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर पाय दाबणारा, नागपूरहून सुसाट येऊन ढाब्यासमोर त्याच दमात इंजिन बंद करणारा, तेल बदलायचं पुढच्या महिन्यावर ढकलणारा. गरम टर्बोत अडकलेलं तेल जळून काजळी धरतं, ती काजळी तेलाच्या बारीक वाटा बुजवते आणि दांडी कोरडी पडू लागते. नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवत राहणारा छोटा पंप असतो, त्याचा उपयोग होतो. पण तेलाची कंजुषी करणाऱ्याला तोही वाचवत नाही. साध्या इंजिनाने असा मालक पाच-सात वर्षं मुकाट सोसला असता. टर्बो सोसत नाही आणि लपवतही नाही.

ही सवय दिसते कुठे? तेल भरायचं झाकण उघडलं की खालचा धातू दिसतो. मधासारखी पिवळी झाक असेल तर ठीक. काळी, चिकट, बोटाने खरवडल्यावर निघणारी पापडी असेल तर सर्व्हिस बुकात कितीही शिक्के असोत, तेल वेळेवर बदललेलं नाही. मग थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या घराखाली टॉर्च मारतो. ऑडी-फोक्सवॅगनचं कूलंट गुलाबी. ते झिरपून वाळलं की फिकट गुलाबी खरड धरते, आणि धुऊन काढली तरी बोल्टच्या खाचेत थोडी उरतेच. हात पोचत असेल तर टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून दांडीचं टोक दोन बोटांत धरतो. आडवी किंचित हालली तर घाबरायचं कारण नाही. पुढे-मागे सरकली, तर टर्बोचा भाव किमतीतून वजा करून मगच पुढचं बोलायचं.

यापलीकडचं स्कॅनर सांगतो. सौसरच्या एका संत्रा व्यापाऱ्याच्या मुलाबरोबर नागपुरात एक पांढरी गाडी बघायला गेलो होतो. मीटरवर ५२ हजार किलोमीटर. आवाज स्वच्छ, रंग एकसारखा, पोरगा तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत होता. मी वायर जोडली आणि गिअरबॉक्सच्या आठवणीतली जुनी तक्रार उघडली. या जर्मन गाड्यांत तक्रार नोंदली जाते तेव्हा त्या वेळचे किलोमीटरही तिच्यासोबत नोंदले जातात. तिथे आकडा होता ८७ हजारांचा. मीटर मागे घेणाऱ्याने समोरचा आकडा बदलला आणि आतली तक्रार पुसायला विसरला. डीलर म्हणाला, "काका, मशीन बी कधी चुकते." पोरगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, कलर मस्त आहे न पन. थोडे कमी करून घेऊन टाकू?" मी म्हटलं, "बाबू, किलोमीटरचं सोड. जो माणूस आकडा बदलतो त्यानं अजून काय बदललं, ते तुले कोन सांगन?" दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

चालवून बघताना बहुतेक लोक मोकळा रस्ता धरतात. मी आधी गर्दीत घालतो. फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच असतात. रांगत्या गर्दीत, उन्हात, ते तापतात. थांबत-सरकत पहिल्याचा दुसरा होताना गाडी थरथरली की क्लच संपत आले, आणि गिअर मध्येच नाहीसा होऊन मीटरवर पाना चमकला की मेकॅट्रॉनिकचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या मेंदूचा, मोठा खर्च दारात उभा. टीटीत सहा गिअरची, तेलात बुडालेल्या क्लचची डीएसजी आहे. ती दणकट, पण तिचं तेल ६० हजार किलोमीटरवर बदलावं लागतं आणि त्याची पावती नव्वद टक्के मालकांकडे नसते (हा टक्का माझ्या रागाचा आहे, मोजलेला नाही). मग महामार्गावर एकदा पूर्ण दाब द्यायचा. पिकअप मध्येच अडखळला तर पाइप कुठेतरी फाटलाय. अवाजवी जोरात आला तर इंजिनाच्या कॉम्प्युटरला रिमॅप मारून ताकद वाढवलीय, आणि रिमॅपवाल्याने ती गाडी माझ्या शेजारच्या काकूंसारखी नक्कीच चालवली नसणार.

तरुणांना आवडत नाही असा प्रश्न आहे आमच्या गावाचा. ही गाडी इथे राहील कशी? मे महिन्यात डांबर चटके देतं, सौसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट लागतो, आणि गावागावांतले गतिरोधक ग्रामपंचायतीच्या मर्जीने उंच झालेले. टीटीचं पोट त्यांना घासतं. पांढुर्ण्यात तर गोटमारीचा दिवस आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून दगड उडतात. नदीजवळचा माणूस साधी मारुतीही आदल्या दिवशी हलवून ठेवतो, टीटीची काच इथे कोण आणून देणार? पोलो जीटीआयचं असंच. २०१६ मध्ये ती बाहेरून आयात झाली, अवघ्या ९९ गाड्यांची घोषणा होती. १.८ लिटरचं इंजिन, १९२ पीएस, आणि त्याच घराण्यातलं इंजिन ऑक्टाव्हियात असल्यामुळे फिल्टर-प्लग-पंपाची अडचण नाही. पण तिला दारं दोनच. ती लांब दारं आणि त्यांच्या काचा इथल्या दुसऱ्या कुठल्या पोलोच्या बसत नाहीत. एक ठोकर बसली की महिनाभर वाट बघा.

पेट्रोलचंही बघायला हवं. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. टाकीच्या झाकणाआतला स्टिकर वाचा. त्यावर ई१० पर्यंतच लिहिलं असेल तर रबरी पाइप आणि सील तपासून घ्या.

कागदांबद्दल थोडक्यात. एमएच पासिंगची गाडी एमपीत कायमची आणायची तर मूळ आरटीओची एनओसी, बारा महिन्यांच्या आत इथली नोंदणी, आणि इथला रोड टॅक्स नव्याने. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज ज्याच्या नावावर गाडी होती त्याने करायचा असतो, म्हणून सौद्याच्या दिवशीच त्याच्याकडून लिहून घ्या. आरसीवर बँकेचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचा कागद हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते ती तिथल्या जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे. तिच्या वयाच्या मानाने ती स्वस्त नसते.

मला विचाराल तर पांढुर्ण्या-सौसरात राहून एकच गाडी ठेवायची असेल, तर टीटी घेऊ नका. दुसरी गाडी दारात असेल आणि नागपूरला महिन्यातून दोनदा जाणं होत असेल तर विचार करा. हौस आणि रोजचं जाणं-येणं दोन्ही एकाच गाडीत हवं असेल, तर २०२० ते २०२२ मधली पोलो १.० टीएसआय शोधा. इंजिन लहान, पण ११० पीएसचं, टर्बो आहे, आणि २०२० पासून ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या क्लचची डीएसजी जाऊन साधा टॉर्क कन्व्हर्टर आला. हाती गिअरची मिळाली तर आणखी बरं. २०२२ मध्ये पोलो भारतात बंद झाली, त्यामुळे जपलेल्या गाड्या दरवर्षी कमी होत जाणार. गाडी कुठलीही घ्या, खरेदीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी वेगळा काढून ठेवा. तेवढे पैसे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्या.