पडद्यामागची रोजनिशी : गोवर्धन आणि बारा व्होल्ट

१० ऑगस्ट २०२५, रविवार
मंडळाचा देखावा यंदा गोवर्धनाचा. पर्वत उचलायला जुन्या गाडीच्या वायपरची मोटर : बारा व्होल्टची, ब्रशवाली, आतच वर्म गिअर. पोरांनी गेल्या वर्षीच्या लाइटिंगचा पाच अँपिअरचा एसएमपीएस जोडला. पर्वत जागचा हलेना. नुसता हिसका, एसएमपीएसचा हिरवा दिवा विझतो, पेटतो, पुन्हा हिसका. "ताई, मोटर गेली." मोटर ठणठणीत आहे. तिच्या खुराकात गडबड आहे.

११ ऑगस्ट
आज मोजलं. मल्टीमीटरवर एवढ्या कमी ओहमचा भरवसा नाही, त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स मध्ये येतो. म्हणून मोटरचा दांडा पान्याने घट्ट धरला आणि बेंच सप्लायवरून बरोबर दोन अँपिअर दिले. मोटरच्या टोकांवर १.२ व्होल्ट. म्हणजे ०.६ ओहम. बारा व्होल्ट मिळताच, फिरायच्या आधीच्या त्या क्षणी, ही मोटर वीस अँपिअर मागणार. एकदा फिरू लागली की ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि भूक उतरते. बॅटरीवर पर्वत उचलताना साडेचारच अँपिअर दिसले. पोरांनी हा साडेचारचा आकडा धरला होता. सप्लाय निवडताना आधी पाहायचा तो वीसचा.

१३ ऑगस्ट
तपकीर गल्लीतून बारा व्होल्ट, वीस अँपिअरचा एसएमपीएस आणला. काका धास्तावले, "अगं, वीस सोडलेस तर मोटर जळेल!" ही भीती घरोघरी आहे. जास्त व्होल्ट दिले तर मोटर जळेल, हे खरं. पण अँपिअर सप्लाय ढकलत नाही, मोटर ओढून घेते. वीसचा आकडा ही सप्लायची ऐपत.

१७ ऑगस्ट, रविवार
सप्लाय पडद्यामागे, मोटर दहा मीटरवर. एक एमएमची वायर जाऊन-येऊन वीस मीटर, म्हणजे जवळपास ०.३५ ओहम; चालत्या लोडलाच दीड व्होल्ट वाटेत जिरत होता. अडीच एमएमची टाकली. शिवाय पीडब्ल्यूएम कंट्रोलर बसवला. त्याने व्होल्टेज दोन सेकंदांत हळूहळू चढतो. हिसका गेला. पर्वत आता उचलला जातो तसा दिसतो.

२० ऑगस्ट
काकांचा प्रश्न रास्त होता : हळूच सुरू होते, तर दहाचा सप्लाय का नको? मोटर जाम झाली तर, म्हणून. फ्यूज उडायलाही करंट लागतो. तोकडा सप्लाय फ्यूज उडवण्याआधी स्वतःच मान टाकतो, पुन्हा उठतो, आणि वर पर्वत हिसके खात राहतो. खाली लहान मुलं पाहत उभी असतात. मला तिथे एकच गोष्ट हवी आहे : अडकलं की बंद.

गाड्यांत असतो तो साडेसात अँपिअरचा ब्लेड फ्यूज सप्लायच्या तोंडाशीच लावला. मग क्रँकमध्ये लाकडी ठोकळा घालून मोटर मुद्दाम अडवली. दीड-दोन सेकंदांत फ्यूज गेला, सगळं थांबलं. तीनदा अडवली, तिन्ही वेळा तसंच.

२४ ऑगस्ट, रविवार
सलग तीन तास चालवली. मोटर कोमट, वायर गार, ४.६ अँपिअर. बुधवारी प्रतिष्ठापना. जादा फ्यूज डबीत, डबी पडद्यामागे खिळ्याला. डबीवर खडूने लिहिलंय : आधी अडकलेलं काढा, मग फ्यूज बदला.