मोती कुत्र्याच्या लशींबद्दल

पुणे, ३ मे

ती. स्व. कुंदामावशीस,


मोती बारा वर्षांचा झाला, दिवसभर पडवीत पडून असतो, आता कशाला त्या जिवाला सुया टोचायच्या, असं तू फोनवर म्हणालीस. मी तेव्हा फार बोलले नाही. पण गेली दोन वर्षं त्याला एकही लस मिळालेली नाही आणि पाऊस महिन्यावर आलाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

तुझं म्हणणं काही बाबतीत बरोबरच आहे. डिस्टेंपर आणि पार्व्होच्या लशी त्याला पिल्लू असल्यापासून वेळेवर मिळाल्यात. त्यांचं संरक्षण तीन वर्षं, बहुधा त्याहूनही जास्त टिकतं. पाळीव प्राण्यांच्या डॉक्टरांची जागतिक संघटनाही त्या दरवर्षी देऊ नका असंच सांगते. म्हाताऱ्या कुत्र्याची प्रतिकारशक्ती आपल्या आजीसारखी असते. नव्या सुनांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, पण जुन्या ओव्या अखेरपर्यंत तोंडपाठ होत्या. ओळखीच्या रोगाशी मोतीचं शरीर अजून नीट लढेल. नवा रोग समोर आला तर मात्र उशीर करेल.

लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचं, तसं नाही. ती लस जेमतेम वर्षभर पुरते. मोतीच्या लशीची मुदत कधीच उलटून गेली आहे, त्यामुळे एका डोसावर भागणार नाही. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन लागतील, आणि दुसऱ्यानंतरही ताकद यायला काही आठवडे जातात. म्हणून ही घाई. उंदीर-घुशींच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात उतरतात. २०२१ला वाशिष्ठी नदी तुमच्या पडवीत शिरली होती. २००५च्या जुलैत मुंबई बुडाली, त्यानंतर लेप्टोनं माणसंही दगावली होती. मोतीला आता लघवी आवरत नाही, ती तूच पुसतेस, तेही उघड्या हातांनी. त्याला लेप्टो झाला तर तो तुझ्यापर्यंत यायला वेळ लागणार नाही. लस सगळ्याच प्रकारच्या लेप्टोला अडवत नाही, म्हणून रबरी हातमोजे घालच. पावसाळ्यात त्यानं खाणं सोडलं, उलट्या झाल्या किंवा डोळे पिवळे दिसले, तर सकाळची वाट बघू नकोस.

रेबीजच्या लशीला वयाची सूट नाही. तो घराबाहेर पडत नसला तरी तुझ्या वाडीत कोल्हे आणि भटकी कुत्री येतात. एकदा लक्षणं दिसली की त्या रोगावर इलाज नाही. शेजारच्या गोव्यानं कुत्र्यांना नेटानं लशी टोचल्या, म्हणून २०२१मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं.

डॉक्टरांकडे गेलीस की आधी मोतीला तपासायला सांग. ताप, हिरड्यांचा रंग, वजन, आणि रक्तातून मूत्रपिंड-यकृत. ताप असेल तर लस पुढे ढकलतात. त्याच्या सांधेदुखीच्या गोळ्यांची पाकिटंही सोबत ने. त्यात स्टेरॉइड असेल तर डॉक्टरांना ते कळलंच पाहिजे. नाइन-इन-वन या एकत्रित लशीच्या दोन बाटल्या असतात. एकीत डिस्टेंपर-पार्व्होची पांढरी वडी असते, दुसरीतल्या द्रवात ती विरघळवून टोचतात, आणि लेप्टोची लस बहुधा त्या द्रवातच असते. नुसती लेप्टोची लसही मिळते, ती मागवून घे. बाटली फ्रिजमधूनच काढली का, मुदत काय आहे, हे समोर बघ आणि तिचं लेबल कार्डावर चिकटवून घे.

प्रतिकारशक्तीची म्हणून जी पावडर आणलीस ती बंद कर. त्याला दूध-चपातीऐवजी उकडलेलं अंडं, काटे काढलेली मासळी दे. मूत्रपिंडाचा रिपोर्ट आला की किती द्यायची ते ठरवू.

सुई दिल्यावर अर्धा तास तिथंच बसा. तोंड सुजलं किंवा उलटी झाली तर लगेच आत ने. एखादा दिवस तो सुस्त राहील, त्याला घाबरू नकोस. दोन्ही सुया एकाच दिवशी नको वाटल्या तर लेप्टो आधी घे आणि रेबीज दोन आठवड्यांनी. पहिली सुई झाली की कार्डाचा फोटो मला त्याच दिवशी पाठव, म्हणजे दुसऱ्या डोसाची तारीख मी इथूनच लक्षात ठेवीन.

तुझी,
शुभा