सकाळी अकराचं पनवेल

सकाळी अकराला पनवेलच्या उरण नाक्यावर चालायला वाट मिळत नाही. एसटी स्थानक, भाजी मंडई, रिक्षाथांबे, सगळीकडे माणसंच माणसं. ‘एवढ्या लोकांना कामधंदा नाही का?’ हा प्रश्न त्या गर्दीकडे पाहून सहज विचारला जातो. श्रमबाजाराचा अभ्यासक म्हणून मला त्यातलं गृहीतकच चुकीचं वाटतं. कामाची वेळ ही कल्पना कारखान्याच्या भोंग्याबरोबर आली, पुढे कचेरीच्या हजेरीपटावर पक्की झाली. पण देशातले बहुतेक कष्टकरी त्या घड्याळात कधी बसलेच नाहीत. २०२३-२४च्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार नियमित पगारावर काम करणारे जेमतेम २२ टक्के आहेत. ५८ टक्के स्वयंरोजगारात आणि उरलेले रोजंदारीवर.

शहरांत पगारदार निम्म्याच्या आसपास आहेत, मग पनवेलसारख्या शहराला हा हिशेब कसा लागू होईल, असा आक्षेप रास्त आहे. पण पनवेलचा दहा ते सहावाला पगारदार अकरा वाजता पनवेलमध्ये असतोच कुठे? तो सकाळीच हार्बरची लोकल पकडून गेलेला असतो. मुंबईचं सीएसएमटी इथून ४९ किलोमीटर आहे. मागे दिसतात ते वेगळ्या घड्याळाचे लोक. तळोजा औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेले कामगार, सुरक्षारक्षक, परिचारिका, १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या वाहतुकीतले चालक, कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल भरायची वाट पाहणारे ट्रकवाले. पगारदारांच्या सुट्ट्याही एका वारी नसतात. पिंपरी-चिंचवडचे कारखाने गुरुवारी बंद असतात, ते विजेचा भार वाटला जावा म्हणून. शिवाय रिक्षावाला, हमाल, वाड्यांवरून रानभाजी घेऊन आलेली कातकरी बाई यांची कचेरी म्हणजे हाच रस्ता. त्यांना ‘बाहेर फिरणारे’ म्हणणं म्हणजे शेतकऱ्याला शेतात का हिंडतोस असं विचारणं.

डोळ्यांना फसवणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याला दिसते गर्दी. त्यातला एकेक माणूस किती वेळ तिथे होता हे दिसत नाही. २०११च्या जनगणनेनुसार आजच्या महापालिका क्षेत्रात साधारण पाच लाख लोक होते. त्यातल्या प्रत्येकाने दिवसाच्या दहा तासांत फक्त अर्धा तास बाहेर काढला, असं धरून चला. तरी कोणत्याही क्षणी सरासरी पंचवीस हजार माणसं रस्त्यावर असतील! एकही माणूस रिकामटेकडा नसताना शहर तुडुंब भरलेलं दिसेल. आणि ही माणसं गावभर विखुरत नाहीत. दुकानं, बँका, दवाखाने, एसटी जिथे आहेत तिथेच गोळा होतात.

मग बेकारी नाहीच का? आहे, आणि ती गंभीर आहे. त्याच श्रमबल पाहणीत १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के आहे. पण नाक्यावरची डोकी मोजून ती कळत नाही. नोकरी शोधणारा तरुण अभ्यासिकेत किंवा घरी असू शकतो, आणि शिकलेल्या मुलीची बेकारी तर घराच्या भिंतीआडच राहते. उलट जी बाई अकराला मंडईत दिसते ती कामावरच असते. २०२४च्या वेळवापर पाहणीनुसार स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. घरासाठीची खरेदी त्यातच मोजली जाते. या श्रमाला पगार नाही म्हणून ते फिरणं ठरतं, याचा मला मनापासून राग आहे.

या गर्दीतला एक हिस्सा मात्र खरोखर टाळता येण्यासारखा आहे, तो म्हणजे सरकारी कामासाठी ताटकळणाऱ्यांचा. राज्य सरकारच्या कचेऱ्यांचा आठवडा फेब्रुवारी २०२० अखेर पाच दिवसांचा झाला. वेळ पावणेदहा ते सव्वासहा. म्हणजे दाखल्यासाठी बिगाऱ्याला कामाच्याच दिवशी खाडा करावा लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा सेवा किती दिवसांत द्यायची ते ठरवतो, खिडकी किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची ते नाही. अर्ज ऑनलाइन करता येतात हे खरं, पण पुष्कळ कामांत मूळ कागद दाखवायला किंवा सही-अंगठ्याला हजर राहावंच लागतं. पनवेलच्या तहसील आणि दुय्यम निबंधक कार्यालयांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी रात्री नऊपर्यंत खिडकी उघडी ठेवावी, कर्मचाऱ्यांना त्याची बदली सुट्टी द्यावी, आणि सहा महिने अकराच्या रांगा मोजाव्यात.