देणे आणि लागणे

इंग्रजीत कर्तव्य सांगणारी क्रियापदे चार-पाचच आहेत. परंतु ती परक्या माणसाची जितकी फजिती करतात, तितकी त्या भाषेतील लांबलचक शब्दही करीत नाहीत. ‘मस्ट’, ‘शुड’, ‘ऑट टु’, ‘हॅव टु’ या सर्वांना आपले पंतोजी ‘पाहिजे’ या एकाच खुंटीला टांगतात. वस्तुतः मराठी काही इतकी दरिद्री नाही. ‘त्याने जावे’ यात उपदेश आहे, ‘त्याने गेले पाहिजे’ यात आग्रह आहे, ‘त्याला जावे लागते’ यात बाहेरची सक्ती आहे, आणि ‘त्याला जाणे भाग आहे’ यात सर्व वाटा खुंटल्याची कबुली आहे. मौज अशी की, पहिल्या दोहोंत जाणाऱ्यापाशी निदान ‘ने’ तरी असतो. मागच्या दोहोंत त्याला ‘ला’ चिकटतो आणि क्रियाच त्याच्यावर येऊन पडते.

बीड जिल्ह्यातील वडवणीस मी इंग्रजी शिकवीत असे, तेव्हा या भेदाला वजन किती आहे ते कळले. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ बहुधा आधीच खर्ची पडलेली असते, आणि नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ या हिशेबाने ती अंगमेहनतीने फेडायची असते. ‘आईबापांना तोडीला जावे लागते’ हे वाक्य मी भाषांतराला दिले, तेव्हा अर्ध्या वर्गाने ‘मस्ट’ लिहिले. व्याकरणाने त्यात दोष काढणे कठीण. पण ‘मस्ट’मध्ये पुष्कळदा बोलणाऱ्याचाच आग्रह डोकावतो, जणू मुलगाच आईबापांना हुकूम सोडीत आहे! तेथे ‘हॅव टु’च शोभते, कारण हुकूम सोडणारा त्या वर्गात नव्हता.

‘ऑट’ची कुळकथा याहून बोलकी आहे. ऋणी असणे या अर्थाच्या ‘ओ’ या क्रियापदाचे ते जुने भूतकाळी रूप. आणि ‘शॅल’चाही प्राचीन अर्थ ‘देणे लागतो’ असाच होता. आपणही ‘शंभर रुपये देणे लागतो’ म्हणतो आणि ‘जावे लागते’ही म्हणतो, क्रियापद तेच. 2002 साली घटनेत आलेल्या 21अ या कलमाच्या इंग्रजी पाठात, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याविषयी राज्यास ‘शॅल’च लावला आहे. कायदेपंडित त्यास आज्ञा म्हणोत; मी तेथे जुना अर्थ वाचतो. एकाच घरात मग दोन देणी दिसतात: बापाचे मुकादमाला आणि राज्याचे लेकराला. पहिल्याच्या वसुलीत सहसा खंड पडत नाही.

नकारात तर अधिकच गुंता होतो. ‘मस्ट नॉट’ म्हणजे निषेध. ‘डोंट हॅव टु’ म्हणजे केवळ सुटका. आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावीच ठेवून घेणारी हंगामी वसतिगृहे असतात. तेथे नाव लागलेल्या एका मुलीने वहीत लिहिले होते, ‘यंदा मला जायला नको.’ इंग्रजीची ओळ कोरी होती. मी ‘डोंट हॅव टु’ सुचवले. ती म्हणाली, “सर, मला जायचंच नाही, हे ह्याच्यात येतं का?”

येत नाही, म्हणालो. त्यासाठी ‘डोंट वॉन्ट टु’ असे निराळे लिहावे लागते. तिने दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून घेतली.