शाळेची भाषा

आम्ही मॉन्ट्रियलला बिऱ्हाड हलविले तेव्हा कन्या चौदा वर्षांची होती. आम्हां उभयतांचे शिक्षण इंग्रजीत झालेले. परंतु क्वेबेकच्या १९७७ च्या भाषाकायद्याच्या लेखी त्यास मोल नाही. आईबापांपैकी एकाचे तरी प्राथमिक शिक्षण मुख्यतः कॅनडातच इंग्रजीतून झालेले असावे लागते. विनाअनुदानित खासगी इंग्रजी शाळेची वाट तेवढी मोकळी होती, आणि कर्ज काढून का होईना, फी भरता आली असती. तरीही आम्ही फ्रेंच शाळाच पत्करली. ज्या गावी राहावयाचे, त्या गावची भाषा हवी. नवागतांच्या वर्गात गणितात हुशार असलेली पोर वर्षभर क्रियापदे घोकीत बसली. रात्री रडे, आणि आम्हांशी भांडे ती मात्र मराठीतून! महाविद्यालयाची भाषा तिनेच निवडावयाची आहे. २०२२ च्या कायद्याने तेथील इंग्रजी जागांवर मर्यादा आली आहे.